विजेची गाडी तेल्हाऱ्यात, चुंबक मात्र चीनमध्ये

प्रतिनिधी, तेल्हारा

सातपुड्याच्या पायथ्याशी, पूर्णेच्या खोऱ्यात वसलेला तेल्हारा तालुका कापूस, तूर, हरभरा आणि वान प्रकल्पाच्या पाण्यासाठी ओळखला जातो. तालुक्याच्या गावाला रेल्वे नाही. मोठ्या खरेदीसाठी अथवा दुरुस्तीसाठी अकोला, अकोट किंवा शेगाव गाठावे लागते. अशा गावातही आता विजेवर चालणाऱ्या दुचाकी दिसू लागल्या आहेत. पेट्रोलच्या दराने हैराण झालेला शिक्षक, छोटा व्यापारी किंवा शेतात रोज ये-जा करणारा शेतकरी या गाडीकडे आशेने पाहतो. परंतु ही गाडी ज्या पुरवठा साखळीच्या बळावर त्याच्या दारी येते, ती साखळी किती मजबूत आहे, याचा विचार गाडी घेताना सहसा होत नाही. २०२५ च्या उन्हाळ्यानंतर मात्र तो करणे भाग पडले आहे.

४ एप्रिल २०२५ रोजी चीनने सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्यापासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. त्याचे पडसाद काही आठवड्यांतच पुण्यात उमटले. आकुर्डी येथे विजेवरील चेतक स्कूटर तयार करणाऱ्या बजाज ऑटोला उत्पादनात कपात करावी लागली. ऑगस्ट महिन्यात हे उत्पादन शून्यावर येऊ शकते, असा इशारा कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक राजीव बजाज यांनी जाहीरपणे दिला. सुदैवाने ती वेळ पूर्णपणे आली नाही आणि २० ऑगस्टपासून पुरवठा पुन्हा सुरू झाला. पण मुद्दा कायम आहे. गाडीचा सांगाडा, रंग, चाके, दिवे आणि कामगार सारे महाराष्ट्रातले. केवळ काहीशे ग्रॅम वजनाच्या चुंबकासाठी सारा कारखाना खोळंबतो, हे या उद्योगाचे आजचे वास्तव आहे.

एवढ्याशा चुंबकाचे एवढे महत्त्व का?

विजेवरील वाहनाच्या मोटरीत निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांच्या मिश्रणातून बनलेले कायमस्वरूपी चुंबक बसवलेले असते. ते आकाराने लहान, पण अत्यंत शक्तिशाली असते. त्यामुळे मोटर हलकी राहते आणि एका चार्जिंगमध्ये गाडी अधिक अंतर कापते. मात्र मोटर तापली, की या चुंबकाची शक्ती घटू लागते. ती टिकून राहावी म्हणून त्यात डिस्प्रोसियम आणि टर्बियम ही जड मूलद्रव्ये अल्प प्रमाणात मिसळली जातात. चीनने एप्रिलमध्ये बंधन घातले ते नेमके याच जड मूलद्रव्यांवर. जगातील अशा चुंबकांपैकी सुमारे नव्वद टक्के चुंबके एकट्या चीनमध्ये तयार होतात. साहजिकच दुसऱ्या दुकानाचा दरवाजा ठोठावण्याची सोय कोणाकडेही नव्हती.

भारताकडे ही मूलद्रव्ये नाहीत असे नव्हे. साठ्यांच्या बाबतीत आपला देश जगातील पहिल्या पाचांत मोडतो. केरळ, तामिळनाडू, ओडिशा आणि आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावरील वाळूत मोनाझाइट हे खनिज आढळते. परंतु मोनाझाइटमध्ये थोरियम असल्याने ते अणुऊर्जेच्या नियमांखाली येते आणि त्याचे उत्खनन व शुद्धीकरण प्रामुख्याने इंडियन रेअर अर्थ्स या १९५० मध्ये स्थापन झालेल्या सरकारी कंपनीपुरतेच मर्यादित राहिले. वाळू आहे, शुद्धीकरण थोडे आहे, पण धातू आणि चुंबक बनविण्याचे टप्पे मोठ्या प्रमाणावर कधी उभेच राहिले नाहीत.

केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२५ मध्ये ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर करून वर्षाला ६,००० टन चुंबके देशात तयार करण्याचे उद्दिष्ट ठेवले. हे पाऊल स्वागतार्हच आहे. तथापि, आपल्या वाळूत निओडिमियमसारखी हलकी मूलद्रव्ये पुरेशी असली, तरी डिस्प्रोसियम आणि टर्बियम उपयोगी पडतील इतक्या प्रमाणात मिळत नाहीत. म्हणजे कारखाना येथे उभा राहिला, तरी त्यातील एक जिन्नस बाहेरूनच आणावा लागेल. त्याला पर्याय म्हणून जड मूलद्रव्यांशिवाय चालणारी किंवा साध्या फेराइट चुंबकांची मोटर विकसित करण्याचे प्रयत्न सुरू आहेत. खाणीइतकीच गुंतवणूक या संशोधनात व्हायला हवी.

वऱ्हाडाच्या कापसाची आठवण

वऱ्हाडातील वाचकाला ही कथा नवी वाटण्याचे कारण नाही. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला आणि १८७० मध्ये खामगावला खास कापसासाठी फाटा मिळाला. वऱ्हाडचा कापूस जिनिंग-प्रेसिंगमध्ये गाठी बांधून मुंबई बंदरातून इंग्लंडला जाई आणि कापड होऊन परत येई. पिकविणाऱ्याच्या हाती कच्च्या मालाचा भाव, विणणाऱ्याच्या हाती नफा, अशी ती विभागणी होती. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, ती कापसाच्या जवळच सूत आणि कापड तयार व्हावे या विचाराने. साखळीतील मधले टप्पे ज्याच्या ताब्यात, त्याचाच शब्द चालतो, हा धडा या प्रदेशाने दीडशे वर्षांपूर्वीच घेतला आहे.

विजेवरील वाहनात तो मधला टप्पा म्हणजे बॅटरीचा सेल. वाहनाच्या किमतीत बॅटरीचा वाटा साधारण एक तृतीयांश ते चाळीस टक्के असतो. आपल्याकडे ‘देशी बॅटरी’ म्हणून जे विकले जाते, त्यात अनेकदा सेल चीन किंवा कोरियातून आलेले असतात. येथे ते एकत्र जोडून, त्यांना नियंत्रक आणि पेटी बसविली जाते. लिथियम ऑस्ट्रेलिया आणि चिलीतून, कोबाल्ट प्रामुख्याने काँगोतून निघते. परंतु शुद्धीकरणासाठी त्यातील बराचसा माल पुन्हा चीनमध्येच जातो. ग्रॅफाइटचेही तेच. त्यामुळे खाण कोठेही असो, चावी एकाच ठिकाणी राहते.

हे ओळखून केंद्राने मे २०२१ मध्ये १८,१०० कोटी रुपयांची उत्पादननिगडित प्रोत्साहन योजना मंजूर केली आणि ५० गिगावॉट-तास क्षमतेचे सेल कारखाने उभारण्याचे ठरविले. ठरलेल्या मुदतीत त्याचा अगदी थोडाच भाग प्रत्यक्षात उतरला. यंत्रसामग्री चीनची, ती बसविणारे तंत्रज्ञ चीनचे, त्यांच्या व्हिसाचा प्रश्न वेगळा आणि दोन वर्षांत पंचवीस, तर पाच वर्षांत साठ टक्के मूल्यवर्धन देशातच करण्याची अट वेगळी. कागदावरील आकडा आणि कारखान्याचा भोंगा यांत एवढे अंतर पडले, त्याची कारणे ही आहेत.

महाराष्ट्र जोडणीत पुढे, सेलमध्ये मागे

महाराष्ट्राची स्थिती या दृष्टीने बोलकी आहे. पुणे, चाकण, रांजणगाव या पट्ट्यात विजेवरील दुचाकी आणि मोटारी तयार होतात. छत्रपती संभाजीनगरजवळील ऑरिक वसाहतीत २०२४ मध्ये एथर, टोयोटा किर्लोस्कर यांसारख्या कंपन्यांनी मोठ्या गुंतवणुकीची घोषणा केली. मात्र सेल तयार करण्याचे मोठे प्रकल्प तामिळनाडूतील कृष्णगिरी, गुजरातमधील साणंद, तेलंगण आणि कर्नाटक या बाजूंना गेले. नागपूरसाठी लिथियम बॅटरी प्रकल्पाला राज्याच्या उपसमितीने जुलै २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे. तो वेळेत उभा राहतो का, यावर विदर्भाचा वाटा ठरेल.

विदर्भाकडे मोलाचा कच्चा मालही आहे. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांत मँगेनीजच्या खाणी आहेत. मॉइल या सरकारी कंपनीचे मुख्यालय नागपूरला आहे आणि भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग येथे साध्या कोरड्या सेलसाठी लागणारे इलेक्ट्रोलिटिक मँगेनीज डायऑक्साइड ती तयार करते. लिथियम-आयन सेलच्या काही प्रकारांतही मँगेनीज लागते, पण ते अतिशुद्ध स्वरूपात. खाणीपासून त्या शुद्धतेपर्यंतचा टप्पा विदर्भातच उभारता आला, तर कापसाची चूक मँगेनीजच्या बाबतीत टाळता येईल.

धोरणाचा झोका

साखळी बांधायची तर सुटे भाग बनविणाऱ्या लहान उद्योजकाला पाच-दहा वर्षांचा भरवसा हवा. तो मिळाला नाही. केंद्राच्या फेम-२ योजनेत विजेवरील दुचाकीचे अनुदान जून २०२१ मध्ये वाढविण्यात आले, जून २०२३ मध्ये ते घटविण्यात आले, आणि ऑक्टोबर २०२४ पासून आलेल्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत ते आणखी कमी झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने किमतीतील फरकही कमी झाला. प्रत्येक निर्णयामागे कारण असेल. पण दर दोन वर्षांनी बदलणाऱ्या हिशेबावर कर्ज काढून यंत्र कोण बसविणार?

राज्याच्या एप्रिल २०२५ मधील धोरणात १,९९३ कोटींची तरतूद आहे. राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरवर चार्जिंगची सोय आणि समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग व अटल सेतू येथे मोटारींना टोलमाफी, ही त्यातील ठळक कलमे आहेत. समृद्धी महामार्गावर दुचाकीला प्रवेशच नाही. तेल्हाऱ्याचा ग्राहक तर प्रामुख्याने दुचाकीचा. गाडी तो घरच्या प्लगवर चार्ज करतो. त्याची अडचण महामार्गावर नसून दुरुस्तीच्या दुकानात आहे.

साखळीचे शेवटचे कडे

पेट्रोलची दुचाकी बंद पडली, तर तालुक्यात कोणीही मिस्त्री ती उघडतो. प्लग, क्लच वायर, पिस्टन रिंग गावातच मिळते. विजेच्या गाडीचा कंट्रोलर किंवा बॅटरीचे नियंत्रक जळाले, तर पन्नासएक किलोमीटरवरील अकोला गाठावे लागते आणि भाग तेथेही नसेल, तर पुण्याहून किंवा बंगळुरूहून येईपर्यंत थांबावे लागते. पुण्यात एका चुंबकावाचून कारखाना थांबतो, तसाच येथे एका सर्किटवाचून एखाद्याचा रोजगार थांबतो. गाडीचा हप्ता मात्र थांबत नाही.

त्यात वऱ्हाडचा उन्हाळा. मे २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटेमुळे अकोला जिल्ह्यात कलम १४४ लागू करण्याची वेळ आली होती. लिथियम-आयन बॅटरी अशा उष्णतेत लवकर थकते. २०२२ मध्ये देशात काही स्कूटरना आगी लागल्यानंतर बॅटरी सुरक्षेचे निकष कडक करण्यात आले, हे योग्यच झाले. पण येथील तापमानात बॅटरी किती वर्षे टिकेल आणि जुनी झाल्यावर तिचे काय करायचे, हे प्रश्न उरतात. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. त्या बॅटऱ्यांतील लिथियम, कोबाल्ट, निकेल ही उद्याची देशी खाणच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये अशा पुनर्वापरासाठी केंद्राने १,५०० कोटींची योजनाही मंजूर केली. परंतु तालुक्याच्या भंगारवाल्यापर्यंत संकलनाची व्यवस्था पोहोचली नाही, तर ही खाण उकिरड्यावर जाईल.

म्हणूनच मजबूत साखळी म्हणजे सारे काही देशातच तयार करणे, असा अर्थ घेण्याचे कारण नाही. ते कोणत्याच देशाला साधलेले नाही. कोणतेही कडे एकाच हाती राहू नये, आणि शेवटचे कडे ग्राहकाच्या गावापर्यंत पोहोचावे, एवढाच त्याचा अर्थ. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांसाठी विजेवरील वाहन दुरुस्तीचा अभ्यासक्रम उपलब्ध आहे. तो तालुक्यांपर्यंत नेणे, सुट्या भागांचा साठा जिल्ह्याच्या ठिकाणी ठेवण्याची अट अनुदानाला जोडणे आणि जुन्या बॅटरीला ठरावीक किंमत मिळवून देणे, ही कामे खाणी आणि कारखान्यांच्या तुलनेत स्वस्त आहेत. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, असे आपण म्हणतो. येथे आड भरायलाच हवा. पण पोहरा तेल्हाऱ्यापर्यंत पोहोचेल इतका लांब दोरही हवा.