गल्ल्याखालचे पुस्तक

चातुर्मास बसून आठ-दहा दिवस झाले असतील. सायंकाळचे प्रतिक्रमण आटोपून मी ओसरीवर टेकलो होतो, तोच आमचे थोरले बंधू आले आणि त्यांनी एक पुस्तक माझ्यापुढे ठेवले. "दुकानात गल्ल्याच्या खालच्या खणात सापडलं. आपल्या चिरंजीवांचं दिसतंय. तू एम.कॉम. झालेला, इंग्रजी वाचतोस. हे काय प्रकरण आहे ते मला सांग."

चिरंजीव म्हणजे बंधूंचा नातू. वय वर्षे वीस, सकाळी कॉलेज आणि दुपारपासून पेढीवर. पुस्तक होते चेतन भगत यांचे 'द थ्री मिस्टेक्स ऑफ माय लाइफ', २००८ साली प्रसिद्ध झालेले. प्रत कुणाच्या तरी हातून आलेली, कोपरे दुमडलेले, आणि मधल्या एका पानावर खूण म्हणून आमच्याच दुकानाची कोरी पावती घातलेली.

वाचकहो, या जातीच्या पुस्तकांविषयी माझे मत आधीच ठरलेले होते, हे कबूल केले पाहिजे. आमच्या पिढीचे वाचन खांडेकर, पु. ल., रणजित देसाई यांच्यावर पोसलेले. २००४ मध्ये याच लेखकाची 'फाइव्ह पॉइंट समवन' ही आय.आय.टी.तील तीन मित्रांची कादंबरी आली, तेव्हा लेखक स्वतः हाँगकाँगला बँकेतच नोकरीला होता, एवढ्यापुरतेच मला तिचे कौतुक वाटले होते. किंमत पंच्याण्णव रुपये ठेवलेली. पुढे दुर्जोय दत्ता, रविंदर सिंग अशी नावे एकामागून एक येत गेली आणि रेल्वे स्टेशनावरच्या स्टॉलपासून सिग्नलवरच्या पोऱ्याच्या हातापर्यंत ही पुस्तके दिसू लागली. माझ्या नोकरीच्या अखेरच्या वर्षांत शाखेत नव्याने लागलेली मुले ती डब्याच्या पिशवीतून आणीत. त्यांच्यातल्या एकाने मला सांगितले होते, "सर, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेलं हे माझं पहिलं इंग्रजी पुस्तक." मी हसलो होतो. ते हसणे बरे नव्हते, असे आता वाटते.

बंधूंच्या आज्ञेमुळे पुस्तक वाचावे लागले. दोन दुपारी पुरल्या.

कथा अहमदाबादची आहे. गोविंद पटेल हा गणितात हुशार मुलगा. वडील घर सोडून गेलेले. आई फरसाणाचे पदार्थ करून विकते, हा शिकवण्या घेतो. त्याला नोकरी नको आहे, धंदाच करायचा आहे. ईशान आणि ओमी या दोन मित्रांना घेऊन तो देवळाच्या आवारात क्रिकेटच्या सामानाचे दुकान काढतो. ईशानला विक्रीपेक्षा पोरांना बॅट धरायला शिकवण्यात रस, ओमीला मित्रांच्या सोबतीत. हिशेब सारा गोविंदच्या डोक्यात. हे दुकान लेखकाने झकास रंगवले आहे. कोणत्या मालावर किती सुटतात, गिऱ्हाइकाला काय दाखवायचे, उधारी कुणाला आणि कुठवर द्यायची, हे वाचताना बंधूंनाही हे पुस्तक आवडले असते, असे मनात आले. मराठी कादंबरीत दुकानदार बहुधा तागडी मारणारा किंवा कंजूष म्हणून येतो. पेढीवर बसलेला तरुण मुलगा नायक झालेला मी फारसा वाचलेला नाही.

दोषही सांगितले पाहिजेत. भाषा पातळ आहे. ईशानची बहीण विद्या हिला गणित आवडत नाही आणि घराबाहेर पडून मुंबईला शिकायला जायचे आहे. पण तिचे हे म्हणणे लेखकाला पुरेसे ऐकू येत नाही, तिला प्रेमकथेपुरतीच जागा मिळते. त्या प्रेमकथेतील काही पाने घरात मोठ्याने वाचता येणार नाहीत. शेवट तर हिंदी चित्रपटासाठीच लिहिल्यासारखा वाटतो, आणि २०१३ मध्ये 'काय पो छे' या नावाने चित्रपट निघालाही. हे सर्व मी बंधूंना स्वच्छ सांगितले.

पण मी थांबलो होतो ते दुसऱ्याच ठिकाणी, आणि पावतीची खूणही तिथेच होती. दुकान चांगले चालू लागल्यावर गोविंद नव्या मॉलमध्ये गाळा घेण्यासाठी अनामत भरतो. २६ जानेवारी २००१ रोजी भूकंप होतो आणि मॉलचे बांधकाम जमीनदोस्त होते. पैसे गेले. त्यातले काही उसने घेतलेले. ज्याला स्वतःच्या आकडेमोडीची घमेंड, तो मुलगा घराबाहेर पडेनासा होतो. आपल्या तीन चुकांतली पहिली तो हीच मोजतो. आणि पुस्तकाची सुरुवात आठवून मी पुन्हा पहिल्या पानांकडे वळलो. तिथे हाच गोविंद जीव द्यायला निघालेला आहे आणि आपले मन तो मोकळे करतो ते कुणापाशी? आईपाशी नव्हे, मित्रांपाशी नव्हे. ज्याला कधी पाहिलेले नाही अशा एका लेखकाला तो ई-मेल पाठवतो.

तिथून माझे मन १९९६ सालात गेले.

त्या वेळी मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. तेथील एका कापड दुकानदाराचा तेवीस वर्षांचा मुलगा डिसेंबर सरता सरता माझ्या टेबलासमोर येऊन बसला. वडिलांच्या नकळत त्याने वेगळे खाते उघडून लुधियान्याहून स्वेटर आणि शाली मागवल्या होत्या. त्या वर्षी थंडीने दगा दिला. माल गोदामात पडून, आणि व्यापाऱ्याला दिलेला बेचाळीस हजारांचा चेक वटवण्यास आलेला. "साहेब, दोन दिवस थांबवा. बाबांना कळू देऊ नका." मी त्याला नियम सांगितला. चेक दोन दिवस थांबवता येत नाही. शिल्लक नसेल तर परत करणे भाग आहे. ग्राहकाची माहिती बँक बाहेर देत नाही, ती त्याच्या वडिलांनाही देणार नाही, असेही सांगितले. दोन्ही गोष्टी बिनचूक होत्या. चेक 'शिल्लक अपुरी' असा शेरा मारून परत गेला. मुलगा "बरं साहेब" म्हणून उठला. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. वार्षिक तपासणी तोंडावर होती.

चौथ्या दिवशी तो घरातून निघून गेला. त्याचे वडील शाखेत आले, माझ्यासमोर त्याच खुर्चीवर बसले आणि एवढेच म्हणाले, "साहेब, तुम्हाला ठाऊक होतं ना?" अकराव्या दिवशी मुलगा नातेवाइकांकडे सुखरूप सापडला. वडिलांनी दागिने मोडून देणे फेडले, त्याला एका शब्दाने दुखावले नाही. परंतु मी त्या गावी होतो तोवर तो मुलगा दुकानात गिऱ्हाइकासमोर उभा राहिलेला पाहिला नाही. मागे बसून कापडाच्या घड्या घाली. मला पाहिले की मान खाली.

मी बंधूंना पुस्तकाचा सारांश सांगितला तेव्हा त्यांनी व्यापाऱ्याचा जुना प्रश्न विचारला. "वाचून गल्ला भरतो का रे कुणाचा?" हा प्रश्न किती जुना, तर थेट चारशे वर्षांचा. कविवर बनारसीदास यांना आपल्या वाचकांपैकी बहुतेक जण ओळखतात. त्यांचे 'समयसार नाटक' आपल्या स्वाध्यायात आहे. पण त्यांनी इ.स. १६४१ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, आग्र्यात बसून आपले आत्मचरित्र पद्यात लिहिले, ते 'अर्धकथानक' फारसे कुणी हाती घेत नाही. जौनपूरच्या जवाहिऱ्याचा हा मुलगा चौदाव्या वर्षी प्रेमात आणि काव्यात इतका बुडाला की घरच्या मोठ्यांनी बजावले, फार पढणे हे ब्राह्मणाचे आणि भाटाचे काम, वाण्याच्या पोराने बाजारात बसावे. शृंगाराने भरलेली आपली पोथी त्याने पुढे स्वतःच गोमती नदीत फेकून दिली. ही गोष्ट सांगताच बंधूंचा चेहरा उजळला.

मग मी पुढचे सांगितले. वडील खरगसेन यांनी मुलाला माल देऊन आग्र्याला व्यापारास पाठवले. त्याने तो बुडवला. काही रत्ने तर बांधलेल्या गाठीतून कुठे पडली तेही कळले नाही. हाती काही उरले नाही तेव्हा तो घरात बसून रात्री दहा-वीस लोकांना 'मधुमालती' आणि 'मृगावती' या प्रेमकथा वाचून दाखवू लागला. म्हणजे त्या काळची ही असलीच पुस्तके! ऐकणाऱ्यांत एक कचोरीवाला होता. त्याच्याकडून हा उधारीवर कचोऱ्या खाई. एके दिवशी त्याने कचोरीवाल्याला खरे सांगून टाकले, की माझ्यापाशी पैसा नाही, मला उधार देऊ नकोस. कचोरीवाला म्हणाला, वीस रुपयांपर्यंत खा, तुला कोणी काही म्हणणार नाही. वडिलांना मात्र मुलाची वाताहत कळली ती तिसऱ्याच माणसाच्या पत्रातून. पुढे सासुरवाडीला, खैराबादेस, रात्री पत्नीने विचारले तेव्हा त्याने तिला सारी हकिगत सांगितली. तिने जपून ठेवलेले वीस रुपये काढून दिले, आणि आईच्या कानावर घालून तिच्याकडून दोनशे मिळवून दिले. कचोरीवाल्याचे बिल चौदा रुपये झाले होते, तेही फिटले. इतक्या बारकाईने बुडीत खाते लिहून ठेवणारा दुसरा व्यापारी माझ्या वाचनात नाही. अधिकारी म्हणून अशी निखळ कैफियत एखाद्या कर्जप्रकरणात मिळाली असती, तर मी ती आदराने वाचली असती.

बंधू बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पोरानं कुठं पैसे अडकवलेत का?"

"मला ठाऊक नाही," मी म्हणालो. या वेळी ते खरे होते.

पुस्तक परत नेऊन द्यायचे काम मी स्वतःकडे घेतले. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गर्दी नव्हती. मी ते गल्ल्याशेजारी ठेवले आणि म्हणालो, "वाचलं मी. तुझी पावती जागच्या जागी आहे." तो गोरामोरा झाला. मी त्याला काही विचारले नाही. विद्याचे पात्र कच्चे राहिले आहे, असे म्हणालो. त्याला ते पटले नाही, आणि तिच्या बाजूने तो पाच मिनिटे तावातावाने बोलला. मग एकाएकी खाली बघत त्याने विचारले, "धाकटे आजोबा, तुमचे कधी पैसे बुडाले?"

माझ्या घरात हा प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता. बँकवाला म्हणजे पैशांचा शहाणा, अशी माझी ख्याती. १९९२ च्या मार्चमध्ये, सारा देश शेअर बाजाराच्या मागे लागला असताना, मी भविष्यनिर्वाह निधीतून कर्ज काढून शेअर घेतले होते. पुढच्या महिन्यात घोटाळा बाहेर आला आणि बाजार कोसळला. घरात मी सांगितले की पगारातून कपात वाढली आहे. पत्नीने दोन वर्षे काटकसरीत संसार केला आणि कारण तिला कधी कळले नाही. त्यानंतर चारच वर्षांनी तो स्वेटरवाला मुलगा माझ्यासमोर बसला होता.

"बुडाले," मी म्हणालो.

"किती?"

"अडतीस हजार. तेव्हाचे."

त्याने दुकानाच्या दाराकडे एकदा पाहिले, स्टूल ओढून माझ्या जवळ घेतले आणि खणातून एक लहानशी वही बाहेर काढली. वहीतला हिशेब आम्ही दोघांनी सात वाजेपर्यंत पाहिला. बंधू आले तेव्हा तो स्वतःच उठून त्यांच्याकडे गेला. मी घरी आलो आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून पत्नीला म्हणालो, जरा गॅस बंद कर, तुला एक जुनी गोष्ट सांगायची आहे.