अधांतरी ताट

दिवाळीसाठी गावी आलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने परवा मला मोबाईलवर एक नवल दाखविले. रेकॉर्ड वाजविण्याचे यंत्र, आणि त्याचे फिरते ताट चक्क हवेत! खाली खुंटी नाही. चुंबकाच्या जोरावर सारा कारभार अधांतरी. स्लोव्हेनियातील एका कंपनीने २०१६ साली लोकांकडून आगाऊ पैसे जमवून हे यंत्र काढले. पोरगा इंजिनियर. म्हणाला, "सर, घर्षणच नाही! म्हणजे आवाज किती शुद्ध!"

माझे भांडण आहे ते या 'म्हणजे'शी.

बेअरिंग खराब असले की त्याची घरघर सुईपर्यंत पोहोचते, ती चुंबकाने टळते, हे मला मान्य. पण नीट घासलेल्या, थेंबभर तेल घातलेल्या खुंटीची घरघर ती केवढी! आणि तेवढी घालविण्यासाठी मोजावे काय लागते, ते पाहा.

चुंबकाचा आधार खुंटीसारखा कणखर नसतो. तो गादीसारखा दबतो. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीत सुई आडवी हलत असे. १९५८ च्या सुमारास स्टिरिओ तबकड्या आल्या. त्यांच्या खाचेच्या दोन्ही भिंती ४५ अंशांत कललेल्या, म्हणून सुईचे वरखाली होणे हेही गाणेच. मग खालचे ताट डोलू लागले, तर ते डोलणे गाण्याच्याच खात्यात जमा होणार!

दुसरे असे की, नुसत्या स्थिर चुंबकांवर चुंबक अधांतरी टिकत नाही, हे अर्नशॉ या इंग्रजाने १८४२ सालीच सिद्ध केले. म्हणजे एक तर मधे खुंटी ठेवा, नाहीतर क्षणोक्षणी ताट सावरणारे विजेचे चुंबक बसवा. आता सुईमागेही एक इवलेसे चुंबक व तारेचे वेटोळे असते. त्यातून निघणारी वीज जेमतेम एका व्होल्टचा दोनशेवा भाग, कित्येकदा त्याहूनही कमी. कुजबुज ऐकायला बसलेल्या माणसाशेजारी ढोल वाजविण्यातला हा प्रकार! दोहोंत अंतर ठेवा, आड पत्रा घाला, हे ओघानेच आले.

तिसरे, चाल एकसारखी राहावी तर ताट जड हवे. कुंभाराचे चाक पाहिलेले कोणीही हे सांगेल. पण ताट जड, तर चुंबक जबर. आणि चुंबक जबर, तर सुईजवळचा उपद्रवही जबर. नाकापेक्षा मोती जड, तो हा असा.

आणि वीज गेली म्हणजे? ताट अलगद खाली टेकण्याची सोय केली आहे म्हणतात. आमच्या बीड जिल्ह्यात त्या सोयीला उसंत मिळणे कठीण! माझ्या आजोबांचा चावीचा ग्रामोफोन विजेवाचून गात असे. अर्थात त्याची पोलादी सुई तबकडी खरवडून काढी, हेही खरेच. आजची सुई दोनएक ग्रॅम भाराने चालते. खरी प्रगती ही! गाणे खुंटीवर नसते, सुईच्या टोकाशी असते. अक्कल आणि पैसा तेथे खर्चावा.

पण सुई तरी ठेवायची कशावर? आजोबांच्या सतरा तबकड्या मी स्वतः, या हातांनी, भंगारवाल्याच्या गाड्यावर घातल्या. बालगंधर्व होते त्यांत, हिराबाई बडोदेकर होत्या. एकच उरली, ती लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून. शाळेत मुलांना जुने जपायला शिकविणारा मास्तर मी!

भाऊराव कोल्हटकर १९०१ साली वारले. ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रण आपल्या देशात १९०२ साली सुरू झाले. पुरत्या दोन वर्षांचीही नव्हे अशी चुकामूक, आणि महाराष्ट्र ज्या गळ्यावर वेडा झाला होता तो आपल्याला दुरावला. त्यात कोणाचा दोष नव्हता. पण जे आवाज मुद्रित झाले, ते आपणच मोडीत काढले, याला काय म्हणावे? १९९० साली मुंबईत काही वेड्यांनी रेकॉर्ड-संग्राहकांची संस्था काढली. असली वेडी माणसे गावोगाव हवीत.

म्हणून वाचकहो, घरातला माळा झाडताना जरा थांबा. तबकड्या सापडल्या तर उन्हापासून दूर, उभ्या ठेवा. लाखेच्या जुन्या तबकड्यांना स्पिरिट मुळीच लावू नका, लाख विरघळते. त्या विद्यार्थ्यालाही मी हेच सांगितले. तो हसला, आणि जाताना बरणीवरचे झाकण पुसायला मागून घेऊन गेला.

ताट अधांतरी असो की पाटावर. त्यात वाढायला काही उरले पाहिजे.