उंची वाढवा, पण कशाची?

किल्लारीच्या शिवारात पावसाळ्यात जीप घालणाऱ्याला उंच गाडी का हवीशी वाटते, हे आधी समजून घेतले पाहिजे. १९९३ च्या भूकंपानंतर गावे नव्या जागी वसली; शेते मात्र होती तिथेच राहिली. अनेकांची शेताची वाट लांबली, आणि तिचा शेवटचा टप्पा आजही पाणंदीतूनच जातो. पाऊस झाला की काळी माती टायरच्या नक्षीत भरते, मडगार्डच्या आत थापली जाते आणि चाक फिरेनासे होते. ट्रॅक्टरने खोल केलेल्या चाकोऱ्यांमधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो. अशा वेळी कुणी ‘दोन इंच उचलून देतो’ म्हटले, तर मोह होणारच.

उंची वाढवण्याचा फायदा खोटा नाही. मडगार्ड आणि टायर यांच्यात जागा होते, चिखल गळून पडतो, बांध ओलांडताना बंपर टेकत नाही. पण बोलेरो, जुनी कमांडर किंवा नवी थार, या सगळ्यांना मागे सलग अ‍ॅक्सल आहे. स्प्रिंग उंच केली की चेसिस आणि बॉडी वर जाते. डिफरन्शियलचा गोळा जागचा हलत नाही. चाकोरीमधल्या उंचवट्यावर आधी टेकतो तो नेमका हाच गोळा. त्याला वर नेतो फक्त मोठा टायर, तोही निम्म्या हिशेबाने: व्यास दोन इंच वाढला तर गोळा एक इंच वर.

उचलण्याच्या रीतीही सारख्या नाहीत. पाट्यांत एक पाटा वाढवला तर गाडी उंच होते, पण कडकही होते. खड्ड्यात चाक मोकळेपणी खाली उतरत नाही आणि पकड सुटते. पुढेही पाटे असलेल्या जुन्या जीपला लांब शॅकल लावण्याचा उपाय सर्वांत स्वस्त, आणि माझ्या मते सर्वांत वाईट. त्याने पुढचा अ‍ॅक्सल किंचित फिरतो, वळणानंतर स्टिअरिंग आपसूक सरळ येत नाही आणि वेगात गाडी भरकटते. बोलेरोला पुढे कॉइल स्प्रिंग असते. तिथे नुसता स्पेसर घातला आणि अलाइनमेंट केले नाही, तर टायर एका कडेने झिजतो, बॉल जॉइंटवर ताण येतो. शॉकअप आणि ब्रेकचे होज जुन्याच लांबीचे ठेवले, तर चाक खाली लोंबताच ते ताणले जातात.

शिवाय गाडी फक्त पाणंदीत चालत नाही. तीच औसा-उमरगा रस्त्यावर येते, गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांना ओलांडते. गुरुत्वमध्य वर गेल्यावर अचानक वळवलेली गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. हेडलाइट खाली केले नाहीत तर समोरच्याचे डोळे दिपतात. टायरचा व्यास दहा टक्के वाढला, तर काटा ५० दाखवताना गाडी ५५ ने धावत असते.

कायदा तर स्पष्टच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. ऑस्ट्रेलियात ठरावीक मर्यादेपर्यंत उंची वाढवता येते, पुढे अभियंत्याचे प्रमाणपत्र लागते. आपल्याकडेही अशी तपासणीची वाट असावी, असे मला वाटते. पण ती होईपर्यंत आहे तोच कायदा लागू.

म्हणून शेतकऱ्याने आधी बसलेले पाटे बदलून मूळ उंची परत मिळवावी, थकलेले शॉकअप बदलावेत आणि कंपनीने दिलेल्या मापातच रुंद फटींच्या नक्षीचे टायर घ्यावेत. उरलेला जोर ग्रामसभेत लावावा. शेत-पाणंद रस्त्यांसाठी राज्याने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली. आपल्या पाणंदीचे नाव तिच्या आराखड्यात आहे का, ते पुढच्या ग्रामसभेत विचारा.