दारावरची प्रत्येक थाप चोराची नसते

संगणकाच्या कोपऱ्यात अचानक एक चौकट उघडते: ‘बाहेरून आलेली अनपेक्षित जोडणी अडवली’. खाली आकड्यांचा एक पत्ता. ही सूचना पाहून काही घरांत घाबरगुंडी उडते, तर काही घरांत ‘रोजची कटकट नको’ म्हणून फायरवॉलच बंद केली जाते. आमच्या मते दोन्ही चूक, आणि दुसरी तर फारच मोठी.

फायरवॉल हा शब्द मूळचा बांधकामातला. एकमेकींना लागून असलेल्या इमारतींत आग पसरू नये म्हणून मध्ये बांधलेली ती भिंत. संगणकाला पासष्ट हजारांहून अधिक दारे असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. आपण स्वतः मागवलेली माहिती तेवढी आत घ्यायची आणि न बोलावता आलेल्याला बाहेर ठेवायचे, हे फायरवॉलचे काम. म्हणजे ‘अडवली’ अशी सूचना आली तर पहारेकरी जागा आहे, एवढाच तिचा अर्थ.

मग थाप मारतो कोण? बालाघाटच्या आपल्या घरावर कुणाचा डोळा असण्याचे काही कारण नाही. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत पत्ते एकूण सुमारे ४३० कोटी. २०१३ साली मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले की, एकच संगणक पाऊण तासाच्या आत त्या जवळजवळ सर्व पत्त्यांवरचे एक दार ठोकून पाहू शकतो. चोर तसे करतात, अभ्यासकही करतात. शिवाय आपल्याला कंपनीकडून मिळणारा पत्ता बरेचदा बदलता असतो. आज आपल्याकडे आलेला पत्ता काल दुसऱ्याचा होता, आणि त्याच्याकडे येणारी मंडळी अजून तेथेच येतात. नवे सिमकार्ड घेतल्यावर जुन्या मालकाचे फोन येतात, तसेच हे. आणि पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर पाहुणा बहुधा घरचाच: आपला प्रिंटर, टीव्ही नाही तर ताईचा मोबाइल.

म्हणून फायरवॉल निरुपयोगी समजू नये. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा किडा जगभर पसरला. कोणी काही न उघडता, नुसता संगणक इंटरनेटला जोडलेला असला तरी तो आत शिरत असे. विंडोज एक्सपीमध्ये फायरवॉल होती, पण मुळात बंद ठेवलेली! पुढच्या वर्षी, ऑगस्ट २००४ च्या सुधारणेत, ती आपोआप चालू राहील अशी करण्यात आली. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आला तो ४४५ क्रमांकाच्या दारातून. त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी अपडेट ‘उद्या करू’ म्हणून पुढे ढकलले, त्यांच्यातले बरेच सापडले.

त्याच वर्षी जूनमध्ये नॉटपेट्या आला आणि नवी मुंबईजवळच्या न्हावा-शेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळित झाले. हे टर्मिनल मर्स्क या डॅनिश समूहाकडे होते. नॉटपेट्या प्रथम युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटबरोबर कंपन्यांत घुसला आणि मग आतल्या आत, एका यंत्रावरून दुसऱ्यावर, पसरला. घरातल्यांवर पहारा नसला की असे होते.

यासाठीच दुसऱ्या प्रकारची सूचना आम्हांस जास्त महत्त्वाची वाटते. ती काही अडवल्याचे सांगत नाही, ती विचारते: ‘हा प्रोग्राम बाहेरून जोडण्या घेऊ इच्छितो, परवानगी द्यायची?’ येथे निर्णय आपला असतो, आणि बहुतेक घरांत तो सर्वांत लहान सदस्य अर्ध्या सेकंदात देऊन मोकळा होतो. खेळ लवकर सुरू व्हावा म्हणून! विद्यार्थी मित्रांनो, प्रोग्रामचे नाव वाचा. आपण स्वतः उघडलेला नसेल तर ‘रद्द’ म्हणा, परवानगी नंतरही देता येते. रेल्वे स्टेशनचे किंवा लॉजचे वाय-फाय जोडताना ‘सार्वजनिक’ हाच पर्याय निवडा, ‘खाजगी’ फक्त घरी.

आणि पालकांनो, खरी लूट भीतीची होते. वेबपानावर लाल चौकट येते, भोंगा वाजतो, ‘तुमच्या संगणकावर हल्ला झाला, या क्रमांकावर फोन करा’. ही फायरवॉल नव्हे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन क्रमांक कधीच नसतो. पान बंद करावे. होत नसेल तर संगणकच बंद करावा. फोनवरच्या गोड बोलणाऱ्याला आपला संगणक दुरून हाताळू देऊ नये. पैसे गेलेच, तर लाजत न बसता लगेच १९३० वर कळवावे. येथे उशीर फार महाग पडतो.

विश्वस्त मंडळास आमची एक विनंती आहे. विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. शाळेच्या संगणक कक्षात अशी यंत्रे किती आहेत, सर्वांवर फायरवॉल चालू आहे का, आणि राउटरचा पासवर्ड कंपनीने दिलेलाच तर राहिलेला नाही ना, हे वरच्या वर्गातील मुलांना हाताशी घेऊन एका शनिवारी तपासून घ्यावे. या तपासणीला पैसा लागणार नाही, दुपार मात्र लागेल.