पेटी कोणी उघडायची?

दिवाळीच्या दिवसांत भांडण उकरून काढू नये म्हणतात. तो संकेत मोडून आज मी एकदम दोन पक्षांशी भांडणार आहे.

पहिला पक्ष छडीचा. पोराला तबल्याच्या क्लासात घातले, फी भरली, तेव्हा घरी त्याने तासभर तबला बडवलाच पाहिजे; नाही तर आपण त्याला बडवावे! दुसरा पक्ष आवडीचा. मुलाला गोडी असेल तर ते आपण होऊन बसेल, वडीलधाऱ्यांनी बोलूच नये. आमच्या तिसगावात दोन्ही पक्षांची माणसे आहेत, आणि खोटे कशाला सांगू, मी दोन्हीकडे राहून आलो आहे.

आधी आवडीवाल्यांचे घेऊ. माझे वडील गावच्या भजनात पेटी वाजवीत. आठव्या वर्षी त्यांनी मला सारेगम बसवून दिले. तीन महिन्यांत मी कंटाळलो आणि विटीदांडूकडे वळलो. आई म्हणाली, "अहो, जरा दटावा की त्याला." वडील म्हणाले, "असू दे. गोडी असेल तर येईल आपला आपण." मी काही आलो नाही. पुढे वडील गेले. तेराव्याच्या रात्री भजन झाले, तेव्हा त्यांचीच पेटी वाजवायला शेजारच्या गावाहून माणूस आणावा लागला. मी त्यांचा मुलगा, टाळ धरून बसलो होतो. वडिलांच्या मायेला मी दोष देत नाही. पण आठ वर्षांच्या पोराचा कंटाळा हा त्यांनी माझा निर्णय मानला, तो निर्णय नव्हता; नुसता कंटाळा होता.

आवडीवाले लगेच अन्नपूर्णादेवींचे नाव घेतात. भावाचा चुकलेला सूर त्या लहानपणी दुरुस्त करीत होत्या, ते उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी ऐकले आणि मग मुलीला शिकवू लागले. तिला कोणी बसवले होते? कोणीच नाही, कबूल. पण मैहरच्या त्या घरात दिवसभर काय चालले होते, हे का सांगत नाही? त्या भिंतींनाही सूर पाठ झाले असतील. आपल्या घरात दिवसभर टीव्हीवरच्या मालिका चालतात. तिथे गोडी आपोआप लागेल ती मालिकांचीच.

आता छडीवाले. तेही खाँसाहेबांच्याच कडक शिस्तीचा दाखला देतात. पण अहो, ते स्वतः रियाजाला बसत होते! तुम्ही कशाला बसता?

माझीच गोष्ट सांगतो. वडिलांची चूक आपण करायची नाही, असे ठरवून मी धाकटीला रोज संध्याकाळी अर्धा तास पेटीवर बसवू लागलो. ती आतल्या खोलीत, मी ओसरीवर मोबाईल घेऊन. पलटे ऐकू येत, मी प्रसन्न. एके दिवशी पाणी प्यायला आत गेलो. पाहतो तो पेटीवर गोष्टीचे पुस्तक उघडे, डावा हात भात्यावर, उजवा हात एकच पलटा घोटतो आहे आणि डोळे पुस्तकात! महिनाभर घरात रियाजाचा आवाज होत होता, रियाज होत नव्हता. मी रागावलो, तशी ती म्हणाली, "बाबा, तुम्ही तरी कुठं ऐकता?" मला उत्तर सुचले नाही.

पूर्वी शिष्य गुरूच्याच घरी राही. गुरूचा कान दिवसभर त्याच्यावर असे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि संगीत शाळेत आणून सामान्य घरांना खुले केले, हे त्यांचे मोठे उपकार. पण क्लासातला गुरू आठवड्यातून दोन तास भेटतो. उरलेल्या दिवसांतला तो कान कोणाचा? घरच्यांचाच असला पाहिजे. तो कान आपण परीक्षकाकडे सोपवून मोकळे झालो आहोत. दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, म्हणून पेटी. गुण मिळाले की पेटी माळ्यावर. यात मुलाचा काय दोष?

तेव्हा माझे म्हणणे एवढेच : मुलांना बसवावे, जरूर बसवावे. कंटाळा आला तरी बसवावे. मात्र बसवणाऱ्याने शेजारी बसावे. सूर कळत नसेल तरी चालेल, भजनात ज्याला ताल कळत नाही तोही टाळ धरतोच की! आणि बसायला वेळ नसेल, तर हुकूम सोडण्याचा अधिकारही नाही.

हल्ली मी रोज वीस मिनिटे धाकटीजवळ बसतो. मोबाईल दिवाणखान्यात ठेवून. परवा ती म्हणाली, "बाबा, तुम्ही वाजवा ना एकदा." माझी बोटे अजून आठ वर्षांचीच आहेत. 'सा'वरून 'रे'वर जाताना अडखळली. ती हसली, माझे बोट धरून तिने योग्य पट्टीवर ठेवले आणि म्हणाली, "उद्या पुन्हा बसायचं हं. कंटाळा आला तरी."