आधी टाचण, मग लेख

सेलूच्या एका भगिनीनं विचारलंय, "मंडळाच्या दिवाळी अंकासाठी बायकांकडून लेख मागवते, मानधनही देते. पण येतं ते भलतंच. असं का?"

बाई, आपण पाठवलेलं मागणीचं पत्र एकदा काढून वाचा. पुष्कळदा खोट तिथंच सापडते. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून लेख मागवायची ही धांदल आपल्याकडे दरवर्षीची. तरी पत्र कसं लिहावं हे कुणी शिकवत नाही.

माझंच सांगते. गंगाखेडच्या एका ताईंना मी लिहिलं होतं, "जनाबाईंवर छानसा लेख पाठवा." बस्स, एवढंच. जनाबाईंचं गाव ते, तेव्हा यांच्याइतकं चांगलं कोण लिहिणार! ताई दिवसभर शिवणकाम करतात. रात्री बसून त्यांनी अकरा फुलस्केप पानं लिहिली. जन्म, नामदेवांचं घर, पंढरपूर, सगळं. मला हवं होतं काय, तर त्यांच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या जनाबाईचं नाव घेऊन जात्यावरच्या ज्या ओव्या म्हणतात, त्या! हे माझ्या मनात होतं, पत्रात कुठं होतं? लेख परत पाठवला. दुसऱ्यांदा आला तो लांबला म्हणून पुन्हा परत. शब्द किती हवेत, हेही मी कळवलं नव्हतं. शेवटी छापला, पण मानधन एकाच लेखाचं दिलं. पुढच्या वर्षी विचारलं तर उत्तर आलं, "यंदा शिवण फार आहे." काय समजायचं ते मी समजले.

आता शाळेत पाठाचं टाचण काढतो तसं मी लेखाचंही काढते. विषय प्रश्नासारखा लिहायचा : "तुमच्या गल्लीत जात्यावरच्या कोणत्या ओव्या अजून म्हणतात, कोण म्हणतं?" मग वाचणार कोण, काय नको, तारीख, मानधन किती नि केव्हा. शब्द आकड्यात सांगावेत. 'लहानसा' म्हणू नये, प्रत्येकीचं लहान वेगळं असतं. फोटो हवा असेल तर तेही आत्ताच कळवावं. व्हॉट्सॲपवर पाठवलं तरी सगळं एकाच निरोपात. सतरा तुकडे केले की नेमकी तारीखच हरवते. आणि हे आषाढातच करा, गणपतीत कुणाला सवड नसते.

टाचण पाठवण्याआधी मी ते नणंदेला वाचायला देते. "यावरून तू काय लिहिशील?" ती भलतंच सांगू लागली, की टाचण फिरवते. घरातल्या घरात चूक फुकटात सुटते, बरं का!

लेख आला की टाचण शेजारी ठेवून तपासावा. मागितलेलं राहिलं असेल तर नेमकं कुठं ते सांगून एकदा दुरुस्ती मागावी. पण आपणच सांगायला विसरलो नि नव्यानं लिहून हवंय, तर त्याचे पैसे वेगळे. इथं हात आखडू नये. वाक्यं बदलायची तर विचारून. नाव छापावंच. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये आला, केवढं मोठं काम ते, तरी नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं. आपल्या अंकात जागा नाही कशी?

गंगाखेडच्या ताईंना त्या दुसऱ्या लेखाचं मानधन मी उशिरा का होईना पाठवलंय. सोबत यंदाचं टाचण जोडलंय. उत्तर अजून यायचंय.