फॉरमॅट मारण्याआधी मेमरी तपासा

आपल्या भागातील लहान दुकानांत जो संगणक दिसतो तो बहुधा असेंबल केलेला असतो. मदरबोर्ड एका कंपनीचा, मेमरी दुसरीची, कॅबिनेट तिसरीचे. लातूर-सोलापूरहून सुटे भाग आणायचे आणि ओळखीच्या मुलाकडून घरीच जोडून घ्यायचे. यात कमीपणा नाही. पैसा वाचतो आणि बिघडेल तेवढाच भाग बदलता येतो. पण असा संगणक अडू लागला की मेकॅनिकचे उत्तर ठरलेले असते: "फॉरमॅट मारावा लागेल." व्यापारी बांधवांनी हे उत्तर तपासणीशिवाय मान्य करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

काम चालू असता निळा पडदा येऊन संगणक बंद होणे, सुरू करताना बीप वाजून पडदा काळाच राहणे, वेगवेगळे प्रोग्रॅम आपोआप बंद पडणे, कालची फाईल आज न उघडणे, ही लक्षणे पुष्कळदा मेमरीच्या, म्हणजे रॅमच्या, दोषाची असतात. अशा वेळी फॉरमॅट केला तर नवे विंडोजही त्याच सदोष मेमरीतून डिस्कवर उतरते आणि दुखणे पुन्हा वर येते. मीटरपट्टीच खोटी असेल तर नवे थान आणून माप खरे येत नाही.

नुकसान मजुरीपुरते नाही. चूक पकडून दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी मुख्यतः सर्व्हरमध्ये असते, घरगुती संगणकात सहसा नसते. उधारीचा एखादा आकडा बिघडून जतन झाला तरी संगणक तक्रार करीलच असे नाही. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या जीएसटी कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपावा लागतो. तेथे "संगणक बिघडला होता" हे उत्तर कसे चालेल?

तपासणी अवघड नाही. संगणक बंद करून वायर काढावी, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावून मगच मेमरीच्या पट्ट्या काढाव्यात. स्लॉटमधील धूळ मऊ ब्रशने झाडावी. पट्टी दोन्ही बाजूंच्या खाचांत नीट बसवावी. पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते. न भागल्यास एकेक पट्टी एकेका स्लॉटमध्ये लावून पाहावी. एकच पट्टी सर्व स्लॉटमध्ये अडत असेल तर दोष पट्टीचा. सर्व पट्ट्या एकाच स्लॉटमध्ये अडत असतील तर दोष बहुधा मदरबोर्डचा. प्रत्येक पट्टी एकटी चालते, पण जोडीने अडते, तर त्यांचा मेळ बसत नाही असे समजावे. बायोसमध्ये वेग वाढविणारी एक्सएमपी सोय चालू असल्यास ती बंद करून पुन्हा पाहावे.

विंडोजमध्ये मेमरी डायग्नोस्टिक ही सोय आहे. त्याहून कडक परीक्षा मेमटेस्ट८६+ या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमची. तो पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवावा. एक जरी चूक निघाली तरी त्या संगणकावर हिशेब लिहू नये. मात्र मेमरी कमी असणे आणि खराब असणे यात फरक आहे. कमी असेल तर संगणक रेंगाळतो, खराब असेल तर दगा देतो.

एक काळजी आवर्जून घ्यावी. संशय येताच नवा बॅकअप घ्यावा, पण जुन्यावर चढवू नये, कारण सदोष मेमरीतून गेलेली प्रतही बिघडलेली असू शकते. जुनी प्रत दुकानाबाहेर दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप सोसलेल्या सास्तूरला हे वेगळे सांगायला नको.

२०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढली आणि जगभर मेमरीचे भाव भडकले. अशा दिवसांत चांगली पट्टी खराब समजून बदलणे परवडणारे नाही. अनेक कंपन्या मेमरीवर कित्येक वर्षांची हमी देतात, पण ती पक्क्या बिलावरच मिळते. म्हणून खरेदी करताना बिल मागावे, त्यावर सीरियल नंबर लिहून घ्यावा आणि मेकॅनिकला सांगावे: आधी आमच्यासमोर तपासणी, फॉरमॅटचे नंतर पाहू.